हरकत नसलेला वर्ग

कुलगुरूंच्या खोलीचं दार आवाज न करता बंद व्हायचं. वरच्या कोपऱ्यात एक पितळी दांडी होती, ती दाराला शेवटच्या वीतभर अंतरात धरून ठेवायची आणि मग हलकेच सोडून द्यायची. बाई त्या खोलीत बसायला लागल्या तेव्हा सुरुवातीला त्यांना हे दार आवडलं. पुढे पुढे त्याच्याकडे बघताना त्यांना दुसरंच एक दार आठवायचं. गणित विभागातल्या वर्गाचं, फुगलेलं, चौकटीत अडकणारं. उशिरा येणाऱ्याला ते खांद्यानं ढकलावं लागायचं. धाडकन आवाज व्हायचा, सगळा वर्ग वळून बघायचा, आणि फळ्यावरची ओळ अर्धी सोडून बाई म्हणायच्या, "या महाराज. आपल्याचसाठी थांबलो होतो."

आपल्याला कुलगुरू व्हायचं नव्हतं, असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. व्हायचं होतं असंही त्यांना कधी आठवलं नाही. विभागप्रमुखांना पाठीचं दुखणं लागलं तेव्हा "थोडे दिवस सांभाळा" म्हणून काम त्यांच्याकडे आलं. प्रमुखांची पाठ बरी झाली, पण तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं की बाईंच्या हातात बैठक दिली की ती संपते. विद्यापीठात हा गुण फार दुर्मीळ. इथं माणसं बैठकीला येतात ती आपलं जुनं दुखणं घेऊन, आणि विषय खडूच्या खरेदीचा असला तरी ते बाहेर काढतात. बाईंची पद्धत साधी होती. विषय वाचून व्हायचा, त्या हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवायच्या, एकदा सगळीकडे नजर फिरवायच्या आणि म्हणायच्या, "हरकत?" एक श्वास थांबायच्या. "नाही. मंजूर." पेन पुन्हा हातात.

कचेरीत त्यावर विनोद झाले होते. बाईंच्या बैठकीला जाताना शिंकायचं असेल तर बाहेरच शिंकून घ्या, आत रुमाल काढेपर्यंत तीन ठराव होतात. बाईंच्या कानावर हे आलं तेव्हा त्या हसल्या. त्यांना ते आवडलंही.

मग थोडे दिवस परीक्षा विभाग. थोडे दिवस अधिष्ठातापद. नवा माणूस मिळेपर्यंत कुलसचिवाचं काम. आणि शेवटी कुलगुरूपद, ज्याला कुणी थोडे दिवस म्हणालं नाही. प्रत्येक खुर्चीनं त्यांचा एकेक वर्ग नेला. आधी शेवटच्या वर्षाचा गेला, मग मधल्या वर्षाचा. पहिल्या वर्षाचा एक तास मात्र त्यांनी हट्टानं जवळ ठेवला होता, आणि त्यातही एक धडा.

तो धडा असा. एक, दोन, तीन, चार अशा सगळ्या संख्या एकीकडे, आणि फक्त सम संख्या दुसरीकडे. जास्त कुठल्या? वर्ग हसायचा. हे काय विचारणं झालं, सम म्हणजे निम्म्या. बाई म्हणायच्या, घरात कप जास्त की बशा, हे न मोजता कसं सांगाल? प्रत्येक कप बशीवर ठेवून बघा, ना कप उरला ना बशी, म्हणजे दोन्ही सारखे. मग त्या फळ्यावर जोड्या लावायच्या. एकाखाली दोन, दोनाखाली चार, तीनाखाली सहा. कुणी उरतंय? कुणीच नाही. म्हणजे सम संख्या सगळ्या संख्यांइतक्याच.

इथं वर्ग गप्प व्हायचा, आणि त्या गप्पपणासाठी बाई वर्षभर थांबलेल्या असायच्या. त्यात काहीतरी शिजत असायचं. आता कुणीतरी उठणार हे त्यांना पाठमोऱ्या असतानाही कळायचं, कुठल्या बाजूनं तेही कळायचं. एका वर्षी एक मुलगा उठला आणि लाल होऊन म्हणाला, "पण बाई, ही चक्क फसवणूक आहे! एक, तीन, पाच कुठं गेले? ते काय मेले?" तो मुलगा प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू करायचा, म्हणून वर्गानं त्याचं नाव पणतू ठेवलं होतं. त्या दिवशी पणतू तास संपल्यावरही भांडत राहिला, जिन्यापर्यंत, सायकलींपर्यंत. बाई सायकलीचं हँडल धरून उभ्या होत्या आणि त्यांना घरी जायचं नव्हतं.

दरवर्षी या धड्याच्या दिवशी घरी गेलं की नवरा विचारायचा, "यंदा कोण?" त्याचं चष्म्याचं दुकान होतं. गणिताशी त्याचा संबंध भिंगांच्या नंबरापुरता. पण वर्षातून एकदा त्याला भांडणाचं सगळं वर्णन ऐकावं लागायचं आणि तो ते मन लावून ऐकायचा.

कुलगुरू झाल्यावर पहिल्या वर्षी बाई तो धडा शिकवायला गेल्या. कपबशीपर्यंत आल्या आणि स्वीय सहायक दारात येऊन उभा राहिला. वरून फोन होता. परत आल्या, पहिली जोडी लावली, तो पुन्हा दारात. तिसऱ्या वेळी त्याला काही बोलावं लागलं नाही. बाईंनीच खडू ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो तास दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितला, आणि कोणाला दिला ते विचारलं नाही.

त्यानंतरची वर्षं विद्यापीठाची चांगली गेली. रखडलेले निकाल वेळेवर लागायला लागले, प्रयोगशाळांचं छप्पर गळायचं थांबलं, मुलींच्या वसतिगृहाला एक मजला वाढला. निरोपाच्या समारंभात हे सगळं सांगितलं गेलं आणि ते खरं होतं. बाई पहिल्या रांगेत बसून ऐकत होत्या. समोरच्या भाषणाला मध्येच कुणी अडवत कसं नाही, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.

निवृत्तीनंतर त्या काही आठवडे घरात बसल्या. नवरा आता दुकानात अर्धाच वेळ जायचा. "कुलगुरू, दूध उतू चाललंय," तो स्वयंपाकघरातून ओरडायचा. "यावर समिती नेमायची का मी गॅस बंद करू?"

"तू गप बस. मी विचार करतेय."

"कसला?"

"मला वर्ग हवाय."

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "मग माग की. तोंड शिवलंय का?"

गणिताचा विभागप्रमुख आता पणतूच होता. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, खिशाला दोन पेनं. बाई आल्या म्हटल्यावर तो ताडकन उठला आणि स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे ढकलायला लागला.

"बस रे. मला खुर्ची नकोय. पहिल्या वर्षाचा एक वर्ग दे."

"बाई, तुम्हाला? पहिल्या वर्षाचा?" तो घाम पुसायला लागला. "म्हणजे... बघतो मी."

"बघतो काय? एके काळी तू मला सायकलीपर्यंत सोडत नव्हतास."

"पण बाई, तेव्हा तुम्ही..."

"अरे वा. आहे की अजून शिल्लक तुझा पण."

तो हसला आणि जरा मोकळा झाला. विभागातली एक तरुण शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली होती, तिचा पहिल्या वर्षाचा वर्ग रिकामा होता. ती परत येईपर्यंत तो बाईंनी घ्यावा. "आणि तुम्हाला बरं वाटलं, मुलांना बरं वाटलं, तर पुढच्या वर्षीपासून हा वर्ग कायमचा तुमचा," पणतू म्हणाला. "जोवर उभं राहवतंय तोवर." बाईंना यापेक्षा जास्त काही नको होतं. जिना उतरताना त्यांनी कठड्यावर हात फिरवत फिरवत उतरून बघितलं, पूर्वीसारखं.

वर्ग बदलला होता. फुगलेलं दार काढून काचेचं बसवलं होतं, आणि बाईंना आठवलं की ते आपणच मंजूर केलं होतं. फळा पांढरा, खडूच्या जागी शाईचं पेन. त्या आत गेल्या तेव्हा मुलं एकदम उभी राहिली आणि बसा म्हणेपर्यंत उभीच राहिली. आपल्याला कोण शिकवणार हे त्यांना आधीच सांगून ठेवलेलं दिसत होतं. मागच्या बाकावर विभागातले दोघे शिक्षक येऊन बसले होते, हात बांधून, आदरानं.

बाईंनी धडा सुरू केला. आवाज लागला. कपबशी झाली, जोड्या लागल्या, एकाखाली दोन, दोनाखाली चार. म्हणजे सम संख्या सगळ्या संख्यांइतक्याच. वर्ग गप्प झाला. बाईंनी पेन टेबलावर आडवं ठेवलं, एकदा सगळीकडे नजर फिरवली. एक श्वास थांबल्या. मुलं लिहीत होती. त्या पुढे गेल्या. तासात दोन तासांचं शिकवून झालं. मागचे दोघे शिक्षक दारापर्यंत सोडायला आले. "काय पकड आहे मॅडम वर्गावर," त्यातला एक म्हणाला.

घरी नवऱ्यानं दार उघडलं, पायातल्या चपला निघेपर्यंतही त्याला धीर नव्हता. "हं, सांग. यंदा कोण?"

बाईंचा एक हात चपलेच्या पट्ट्यावर तसाच राहिला.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या.

"कुणीच नाही?"

"सगळ्यांना पटलं."

"बरं," तो म्हणाला आणि आत गेला. बाई मात्र तिथंच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आपण पेन आडवं ठेवल्याचं त्यांना आत्ता दिसत होतं. वर्गातली ती शांतता त्यांनी पुन्हा आठवून बघितली, कान लावून. तिच्यात काही शिजत होतं का? भीती होती का? की नुसतीच भूक? काहीच सांगता येईना. इतकी वर्षं त्यांच्या समोर माणसं गप्प बसली होती. कुणी रागानं, कुणी कंटाळून, कुणी बदलीला घाबरून. त्या सगळ्या गप्पपणाची एकच किंमत त्यांनी लावली होती, 'हरकत नाही', कारण काम पुढे जायला तेवढी पुरत होती. कानाला आता तीच सवय झाली होती.

पुढच्या तासाला त्यांनी वेगळं काही करायचं ठरवलं. आत गेल्या गेल्या त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी माझं चुकलं. सम संख्या सगळ्यांच्या निम्म्याच असतात. सरळ आहे ना? एक सोडून एक."

पानं उलटल्याचा आवाज झाला. मुलांनी मागच्या तासाचं लिहिलेलं शोधलं, त्यावर काट मारली आणि नवीन लिहिलं. कुणी मान वर केली नाही.

"कुणाला काही म्हणायचंय?" बाईंचा आवाज थोडा चढला. "मागच्या वेळी एक सांगितलं, आज उलटं सांगतेय. दोन्ही कसं खरं असेल?"

दुसऱ्या रांगेतला एक उंच मुलगा अदबीनं उभा राहिला.

"मॅडम, परीक्षेला कुठलं लिहायचं?"

"तुला काय वाटतं?"

"तुम्ही म्हणाल ते, मॅडम."

"मी म्हणते म्हणून?"

तो गोंधळला. यात वाईट काय, हे त्याला खरंच कळत नव्हतं. त्यानं शेजाऱ्याकडे बघितलं, शेजाऱ्यानं वहीत बघितलं. "तुम्ही एवढ्या मोठ्या आहात," तो शेवटी म्हणाला आणि खाली बसला.

"मोठी नाही रे, म्हातारी आहे," बाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही. हसायची परवानगी आहे की नाही ते मुलांना ठरवता येईना. बाईंनी फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहिली, एकाखाली एक. "यातलं एकच खरं. कुठलं ते तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही." आणि त्या निघून आल्या.

त्यानंतर त्या रोज वाट बघत होत्या. विभागातल्या एका टेबलाशी त्यांना जागा दिली होती. तिथं त्या बसायच्या, बाहेरून पोरं जायची, हसत, एकमेकांना ढकलत, चिडवत, आणि त्यांच्या दाराशी आली की आवाज खाली यायचा. जणू आत कुणी आजारी माणूस झोपलंय. एकदा कुणीतरी थबकलं. बाईंनी पेन खाली ठेवलं, अंग पुढे झुकवलं. पण ते बुटाची नाडी बांधायला थांबलं होतं.

मग एका तासाला, शेवटच्या बाकावरून हात वर झाला.

बारीकशी मुलगी, मोठा चष्मा. तिला शेजारच्या दोघी कोपरानं ढोसत होत्या. बाई दोन पावलं पुढे आल्या.

"बोल ना."

"मॅडम, एक विचारायचं होतं. राग नाही ना येणार?"

"आला तर उत्तमच."

"ते वाचनालय, मॅडम. संध्याकाळी लवकर बंद करतात. आमच्या घरी बसायला जागा नसते. तुम्ही एक शब्द टाकलात तर..."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात दुसरं कुणीतरी म्हणालं, "फक्त लवकर बंद नाही मॅडम, दिवे पण अर्धेच लावतात."

"दिव्यांचं काय बोलतोस, तू तिथं झोपायला जातोस."

"तू बघायला येतेस वाटतं?"

वर्ग फुटला. उंच मुलगा उभा राहून म्हणाला, उशिरापर्यंत ठेवायचं तर तिथल्या माणसांनी घरी कधी जायचं? एक मुलगी म्हणाली, पाळी लावा. कुणी म्हणालं, पाळी लावली की दोघंही येत नाहीत, आमच्या बाबांच्या ऑफिसात बघ. पुन्हा चष्मेवाली उठली, आता तिला कुणी ढोसत नव्हतं. "पण मॅडम, यानं जे म्हटलं ते चूक आहे, कारण..." तिचे कान लाल झाले होते. बाकांवर हात आपटत होते. एकाचं बोलणं दुसरा तोडत होता, तिसरा ते जोडत होता, आणि एकेकाचा मुद्दा असा चोख की बाईंना वाटलं, ही मुलं कुठं होती इतके दिवस? हा आवाज त्यांनी किती वर्षं मनात वाजवून बघितला होता. तो असाच होता, तंतोतंत, फक्त त्याच्या मध्यभागी वाचनालय होतं.

आणि त्याच वेळी त्यांच्या डोक्यात काम सुरू झालं होतं. ग्रंथपालाचा वेळ, बदलीची दोन माणसं, वसतिगृहाचा पहारेकरी तिथूनच जातो, दिव्यांचं बिल कुठल्या खात्यात टाकता येईल. सगळं आपोआप, भराभर, खट्ट खट्ट जागेवर बसत गेलं. त्यांना त्याचा आनंद झाला. तो आनंद झालेला त्यांना कळला, आणि तो फळ्यासमोर झालेल्या आनंदापेक्षा लहान नव्हता.

नाही म्हणता आलं असतं. मी आता कुणी नाही, गणित काढा, असं म्हणता आलं असतं. मोठ्या चष्म्याची मुलगी उभीच होती. घरात बसायला जागा नसलेल्या पोरीला सम संख्यांसाठी ताटकळत ठेवायचं, हे बाईंच्या हातून झालं नसतं.

त्यांनी पर्समधून फोन काढला. वर्गासमोरच बोलल्या, थोडक्यात, त्या जुन्या आवाजात. पलीकडून नव्या कुलगुरूंनी दोनदा "हो मॅडम" म्हटल्याचं पहिल्या बाकाला ऐकू आलं. फोन बंद झाला तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शिट्टीही वाजवली. मग सगळे बसले, वह्या उघडल्या, मान खाली. परत तीच शांतता, आता कृतज्ञ. फळ्यावर त्या दिवसापासून पुसायची राहिलेली दोन वाक्यं कोपऱ्यात होती.

आठवड्याभरात वाचनालय उशिरापर्यंत उघडं राहायला लागलं. तरुण शिक्षिकेची रजा संपत आली तसा पणतू बाईंच्या टेबलाशी आला. चेहरा फुललेला.

"बाई, मुलं जाम खूश आहेत. पुढच्या वर्षीचा वर्ग तुमचा, मी लिहूनसुद्धा टाकलंय."

"खोडून टाक."

"का? कुणी काही बोललं का?"

"कुणी बोलत नाही रे," बाई म्हणाल्या. "मी आत गेले की ती अर्ज घेऊन आल्यासारखी बसतात. आणि मलाही अर्ज आवडतात असं दिसतंय."

"पण बाई..." तो म्हणाला, आणि पुढचं त्याला सापडलं नाही. बाई थांबल्या. त्यांना मनापासून वाटत होतं की त्यानं वाद घालावा, लाल व्हावं, सायकलीपर्यंत मागे यावं. त्यानं खिशातलं पेन काढून पुन्हा खिशात ठेवलं. "तुम्ही म्हणता तसं," तो म्हणाला.

तरुण शिक्षिका रुजू झाली. काही दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. बाई अंगणात सुकलेले कपडे काढत होत्या, फोन खांद्यात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुम्ही या पोरांना काय शिकवून गेलात हो? दोन तास माझं डोकं खाल्लंय नुसतं."

"का? काय झालं?"

"ते सम संख्यांचं. तुम्ही दोन्ही सांगितलंत म्हणे. अर्धे म्हणतात जोड्या लागतात म्हणजे सारख्या, अर्धे म्हणतात मग एक, तीन, पाच हवेत गेले का. मी नुसतं विचारलं, मॅडमनी कुठपर्यंत आणलंय, तर जी सुरुवात झाली! त्या चष्मेवालीनं एकाला मूर्ख म्हटलं. म्हणे, तुला संपणारी रांग दिसतेय, न संपणारी दिसतच नाहीये."

"असं म्हणाली?" बाईंच्या हातातून कपडे बादलीत पडले. "असंच म्हणाली? याच शब्दांत?"

"असंच काहीतरी. तोवर तो उंच मुलगा पुस्तक आपटून निघून गेला, मग परत आला..."

"चिडला होता?"

"चिडला म्हणजे काय, लालबुंद. मी तर घाबरलेच."

"घाबरू नकोस. काय म्हणत परत आला?"

"अं?"

"परत आला तेव्हा काय म्हणाला तो? दारातूनच बोलला की जागेवर जाऊन?"

पलीकडे बाळ रडायला लागलं. शिक्षिका फोन लांब धरून कुणाला तरी "घे जरा त्याला" म्हणाली. मग परत आली. "मॅडम, उठला हा. मी नंतर करू का फोन? आणि तुम्हीच एकदा येऊन सांगा ना त्यांना, खरं काय ते. तुम्ही सांगितलंत की गप्प बसतील."

"हो," बाई म्हणाल्या. "गप्प बसतील."

त्या गेल्या नाहीत. फोन ठेवून त्या बादलीशेजारी पायरीवर बसल्या आणि दारातून बोलला असेल, असं त्यांनी ठरवलं. जागेवर जाईपर्यंत दम निघाला नसेल त्याला. एक हात दारावर असेल. चष्मेवाली अजून उभीच असेल, आणि सगळा वर्ग वळून बघत असेल.